कुंपणाच्या आत गेलेला सेनापती

लढाईत शौर्य गाजविणाऱ्यांची चरित्रे मुलांना आवडतात. परंतु गोळी न झाडता संकट निवारणाऱ्या एका सेनापतीची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहो. लालबर्रा येथील असोत वा कोल्हापूरकडील, आमच्या संडे स्कूलच्या शिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचा जन्म 1906 साली कोल्हापूरजवळील वडगाव येथे झाला. विलायतेतील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन 1926 साली ते अधिकारी झाले. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे त्यांच्या पंजाबी पलटणीने जपान्यांच्या ताब्यातील टेकडी मोठी किंमत देऊन जिंकली. त्या ब्रिगेडमधील थोरात, थिमय्या व सेन या तिन्ही हिंदी पलटणप्रमुखांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले.

पुढे 1953 साली कोरियातील युद्ध थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांची राखण भारताकडे आली. त्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात होते. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आपल्या छावणीत ओढून नेले. जवानांनी गोळीबार केला असता, तर कितीतरी कैदी मेले असते आणि ग्रेवाल यांचा जीवही वाचला नसता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह कुंपणाच्या आत गेले. खवळलेल्या जमावाने त्यांना घेरले. पाहुण्याला साधा चहाही विचारीत नाही काय, अशा अर्थाचे काही ते शांतपणे बोलले आणि जमावाचा राग ओसरला. अखेर ग्रेवाल सुटले. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र, दुसरा वर्ग, हा सन्मान लाभला. त्यालाच आता कीर्ती चक्र म्हणतात.

1957 पासून ते पूर्व विभागाचे सेनापती होते. चीनकडून ईशान्य सीमेवर हल्ला होऊ शकतो, तेथील सैन्य अपुरे आहे, असे त्यांनी 1959 साली सरकारला लेखी कळविले. पुढील वर्षी लखनौ येथे लष्करी सराव घेऊन तो धोका समजावूनही दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. सरसेनापतिपदासाठी थिमय्यांनी त्यांचे नाव सुचविले होते, पण ते पद जनरल थापर यांना मिळाले. 1961 साली थोरात निवृत्त झाले, आणि ऑक्टोबर 1962 मध्ये त्यांची भीती खरी ठरली. हजारो जवानांना त्याची किंमत द्यावी लागली.

निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1992 साली ते निवर्तले.

संतप्त कैद्यांपुढे शांत उभे राहणे कठीण. वरिष्ठांना न रुचणारे सत्य कागदावर मांडून त्यावर ठाम राहणे, हे आम्हांस त्याहून कठीण वाटते. शिक्षकांनी मुलांना ही दोन्ही धैर्ये सांगावीत; दुसऱ्याची गरज मुलांना शाळेत आणि घरी रोज पडणार आहे.