किपलिंगने वशिला लावून मुलाला सैन्यात घातलं, आणि उरलेलं आयुष्य त्याला शोधण्यात गेलं

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघितलेल्या पिढीला रुडयार्ड किपलिंगची वेगळी ओळख करून द्यायला नको. 'जंगल बुक'वाला किपलिंग. ३० डिसेंबर १८६५ ला तो जन्मला आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे. १९०७ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा वय होतं अवघं ४१. इतक्या कमी वयात हा मान अजून कोणाला मिळालेला नाही.

पण हा माणूस ब्रिटिश साम्राज्याचा कट्टर भक्त होता. इतका की पुढे जालियनवाला बागवाल्या डायरसाठी निधी जमा झाला, त्यातही याने पैसे दिले.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. तरुणांनी लढायला जावं म्हणून किपलिंग भाषणं देत होता, लिहीत होता. मग स्वतःच्या घरातला मुलगा मागे कसा राहणार?

जॉन तेव्हा जेमतेम १७ वर्षांचा. अडचण एकच, डोळे. चष्म्याशिवाय त्याला लांबचं नीट दिसायचं नाही. नौदलाचा विषय आधीच संपला होता, आता लष्करानेही नापास केलं.

तेव्हा किपलिंगने वशिला लावला, आणि तोही साधासुधा नाही. भारताचे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याशी त्याची हिंदुस्थानातल्या दिवसांपासून ओळख होती. रॉबर्ट्स आयरिश गार्ड्स या रेजिमेंटचे मानद कर्नल होते. त्यांनी शब्द टाकला आणि जॉन सेकंड लेफ्टनंट झाला. विशेष म्हणजे या रॉबर्ट्स यांचा स्वतःचा मुलगा १८९९ मध्ये बोअर युद्धात मारला गेला होता. तरी दोघांपैकी कुणीच थांबलं नाही.

ऑगस्ट १९१५ मध्ये जॉन फ्रान्सला गेला. २७ सप्टेंबरला लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला. वय १८ वर्षं, सहा आठवडे.

मृतदेह सापडला नाही. किपलिंग आणि त्याची बायको कॅरी दवाखाने पालथे घालत राहिले, जखमी सैनिकांना गाठून विचारत राहिले. थोरली मुलगी जोसेफिन १८९९ मध्येच न्यूमोनियाने गेली होती, आता एकुलता एक मुलगाही गेला.

१९१७ पासून किपलिंग युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाचं काम करू लागला. अनोळखी सैनिकांच्या दगडांवर कोरायची ओळ त्यानेच ठरवली. आयरिश गार्ड्सचा दोन खंडांचा इतिहासही लिहिला, तो १९२३ मध्ये आला. त्यात जॉनचा उल्लेख अगदी ओझरता आहे, जसा इतर कुठल्याही अधिकाऱ्याचा असावा तसा. बापाने लिहिलेला इतिहास आहे हे माहीत असेल तर ती पानं वाचवत नाहीत.

१८ जानेवारी १९३६ ला किपलिंग वारला, तोवर मुलाची कबर सापडली नव्हती.

१९९२ मध्ये याच आयोगाने फ्रान्समधली एका अनोळखी आयरिश गार्ड्स लेफ्टनंटची कबर जॉनची असल्याचं जाहीर केलं. त्यावर वाद झाला. कारण लढाईत उतरला तेव्हा जॉन सेकंड लेफ्टनंट होता, त्याची बढती राजपत्रात छापून आली ती तो बेपत्ता झाल्यावर. आयोग मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. त्या दगडावर आता जॉनचं नाव आहे. त्याआधी तिथे त्याच्या बापाने निवडलेली, अनोळखी सैनिकांसाठीची ओळ होती.