आंजेलो द फोन्सेका : ख्रिस्ताला भारतीय रूप देणारा चित्रकार

छत्रपती संभाजीनगरहून हर्सूलमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता अजिंठ्याच्या लेण्यांकडे जातो. तेथील भिंतींवर बौद्ध कलावंतांनी भगवान बुद्धाची जीवनगाथा रंगविली. या चित्रांचा एक धागा भारतीय ख्रिस्ती कलेपर्यंत येऊन पोहोचला, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेक भाविकांना ठाऊक नसेल. तो धागा पुढे नेणाऱ्या चित्रकाराचे नाव आंजेलो द फोन्सेका.

आंजेलो यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावर एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण बेळगाव व पुणे येथे झाले. पुढे मुंबईस ते वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले, परंतु मन चित्रकलेकडे ओढ घेत असल्याने ते शिक्षण सोडून त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान झाले नाही. अखेर त्यांनी थेट बंगालची वाट धरली.

बंगालमध्ये त्यांना अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू लाभले. नंदलालबाबूंनी तरुणपणी, 1909-10 च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत अजिंठ्यात राहून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. अवनींद्रनाथांनी मोगल लघुचित्रांचा अभ्यास केला होता आणि जपानी चित्रकारांच्या सहवासातून जलरंगाचे पातळ थर देऊन चित्र धुण्याची पद्धत आत्मसात केली होती. बौद्ध, हिंदू, इस्लामी व जपानी कलापरंपरांचा असा संगम ज्या शाळेत झाला, तेथे हा कॅथलिक तरुण घडला.

गुरूंच्या प्रेरणेने आंजेलो गोव्याला परतले आणि ख्रिस्ती विषयांवर चित्रे काढू लागले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, आपल्या घरातील माउलीसारखी होती. त्यांचा ख्रिस्त भारतीय साधूच्या वेषात दिसे. तत्कालीन पोर्तुगीज गोव्यात हे अनेकांना रुचले नाही. गौरवर्णी, युरोपीय पेहरावातील मूर्तींसमोर पिढ्यान्पिढ्या प्रार्थना केलेल्या समाजाला ही चित्रे अनुचित वाटली. टीका इतकी वाढली की चित्रकाराला आपली जन्मभूमी सोडावी लागली.

पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी स्थापन केला होता. एका कॅथलिक कलावंतासाठी वेगळ्या पंथाच्या आश्रमाने आपले दार उघडावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही त्यांना मोलाचे प्रोत्साहन दिले. भारतीय कलेत ख्रिस्ती विषय नवे नाहीत, हे फादर हेरास जाणून होते. 1580 साली येशूसंघीय धर्मगुरू अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचल्यानंतर मोगल चित्रकारांनीही मरिया व बाळ येशू यांची चित्रे रेखाटली होती.

पुण्यात आंजेलो यांनी आयुष्याची तीन दशके व्रतस्थपणे चित्रसाधना केली. प्रसिद्धी व धन यांच्यामागे ते लागले नाहीत. त्यांच्या हयातीतच दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली. 1963 साली परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही व प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला उपासनेत स्थान आहे, असे त्यात स्पष्ट केले. ज्या विचारासाठी आंजेलो यांनी घर गमावले होते, तो आता विश्वव्यापी ख्रिस्तसभेनेच मान्य केला होता.

28 डिसेंबर 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पत्नी आयव्ही यांनी त्यांची चित्रे अनेक वर्षे जिवापाड जपली. पुढे त्यांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन करण्यात आला. ज्या गोव्याने चित्रकाराला दूर केले, त्याच गोव्यात त्याची चित्रे परतली.

आज आपल्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होते, भजने गायिली जातात, समई उजळते. हे सारे आपल्याला सहज वाटते. त्यामागे आंजेलो यांच्यासारख्यांनी सोसलेला एकांतवास आहे, याचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.