दिनकर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (जन्म : १० जानेवारी १८९६, मृत्यू : १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. पुढे मात्र कवीपेक्षा संग्राहक म्हणूनच त्यांची ओळख दृढ झाली.

संग्रहाचा आरंभ

केळकर कुटुंबाचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता. इतिहासाची ओढ असलेल्या दिनकररावांनी सुमारे १९२० पासून जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. तो काळ जुने वाडे मोडकळीस येण्याचा होता. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली भांडी मोडीत निघत आणि लाकडी कोरीवकाम सरपणात जाई. राजेरजवाड्यांची शस्त्रे व जडजवाहीर जपणारे लोक होते. पण माजघरातील समई किंवा पानाच्या तबकातील अडकित्ता जपण्याजोगा आहे, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. केळकरांचे वेगळेपण येथेच आहे. त्यांनी दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, खेळणी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा वस्तू देशभर हिंडून मिळवल्या. १९६० पर्यंत त्यांची संख्या सुमारे १५ हजारांवर गेली. पत्नी कमलाबाई यांची या कामी त्यांना मोलाची साथ होती.

संग्रहाचे स्वरूप

वज्री हे या संग्रहाचे बोलके उदाहरण. स्नानाच्या वेळी पाय घासण्याच्या या साधनाचा खालचा भाग खरखरीत असला की काम भागते. तरीही कारागिरांनी वरच्या मुठीला पशुपक्ष्यांचे आकार दिले. अशा वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच असते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी, हाताने रंगवलेली चित्रेही संग्रहात आहेत. चित्रकथी लोक रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगताना कागदावरील ही चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरीत. एका बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे आणि ठळक रंग ही त्यांची लक्षणे. दिव्याच्या उजेडात, थोड्या अंतरावरूनही प्रसंग ओळखू यावा, यासाठी हा ठळकपणा उपयोगी पडे. एका आख्यानाच्या चित्रांच्या जुडग्याला पोथी म्हणत. पोथीतील पाने सुटी असल्यामुळे ती विखुरण्याची भीती असे. संग्रहालयामुळे चित्रे टिकली; त्यांच्यासोबतचे गायन मात्र काचेच्या कपाटात ठेवता येण्यासारखे नव्हते.

कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांची संग्रहालयात पुन्हा उभारणी करण्यात आली. दैनंदिन वापराच्या वस्तूंमध्ये हा महाल काहीसा वेगळा पडतो, तरी बहुतेक पाहुण्यांची पावले प्रथम तिकडेच वळतात.

संग्रहालय

केळकर दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच वारला. त्याच्या स्मरणार्थ या संग्रहाला त्याचे नाव देण्यात आले. त्यामुळे नावातील ‘राजा’ ही पदवी नसून एका लहान मुलाचे नाव आहे. संग्रहालयाची स्थापना १९६२ मध्ये झाली. १९७५ मध्ये केळकरांनी आयुष्यभराचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. स्वतः हिंडून, निवडून आणलेल्या वस्तूंवरील मालकी त्यांनी अशी हयातीतच सोडली. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली.

संग्रहातील वस्तूंची संख्या पुढे २० हजारांपलीकडे गेली. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील या वास्तूत जागेअभावी त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात.