रडवी तेरेजा



रविवारची मिस्सा संपवून आम्ही साक्रिस्तीत मिस्साचा झगा उतरवत असतो तोवर दारात दोघे-तिघे येऊन उभे राहतात. माईक नीट ऐकू आला नाही. गायकमंडळाने ओळखीचे गीत घेतले नाही. पंखा नेमका त्यांच्याच बाकावरचा बंद होता. प्रवचन लांबले. हे ऐकून घेणे आमचे कामच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आणि खरे सांगायचे तर आम्ही चार धर्मगुरू एकत्र जेवायला बसलो, की आमच्याही ताटात तोंडी लावायला पुष्कळदा कुरकुरच असते. भाजीपेक्षा तीच आधी संपते, आणि पुन्हा वाढून घेतली जाते.

म्हणून या रविवारी एका मुलीचे चरित्र सांगावेसे वाटते. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. लिटल फ्लॉवर म्हणून आपण तिला ओळखतो, १ ऑक्टोबरला तिचा सण पाळतो. पण त्या तसबिरीने आपली थोडी फसवणूकच केली आहे. इतका शांत चेहरा पाहून वाटते, ही जन्मतःच अशी असणार. ती तशी नव्हती. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत ती घरादाराला कंटाळा आणील इतकी रडवी होती.

तेरेजा मार्टिनचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलाँसाँ या गावी झाला. वडील लुई घड्याळजी, आई झेली लेस तयार करून विकणारी. आलाँसाँची लेस तेव्हा फार नावाजलेली होती. नऊ लेकरांपैकी चार लहानपणीच देवाघरी गेली, पाच मुली उरल्या. तेरेजा शेंडेफळ. हसरी, बडबडी आणि चांगलीच हट्टी. २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनांच्या कर्करोगाने आई वारली, तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. त्या दिवसापासून पोर बदलली. घराबाहेर भित्री आणि मुकी, घरात हळवी. मामाचा आधार मिळावा म्हणून वडील मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला गेले. तेरेजाने थोरल्या बहिणींपैकी पॉलीनला आई मानले. पण १८८२ मध्ये पॉलीनही कार्मेल मठात निघून गेली. पुढच्याच वर्षी तेरेजाला चमत्कारिक दुखणे जडले, डॉक्टरांनाही त्याचे कारण सापडेना. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, खोलीतील पवित्र मरियेचा पुतळा आपल्याकडे पाहून हसला असे तिला दिसले, आणि ती बरी झाली.

आजार गेला, पण रडणे गेले नाही. नकळत कोणाला दुखावले तर ती रडे. समजूत घातली की शांत होई, आणि मग आपण उगाच रडलो म्हणून पुन्हा रडे. धाकटी म्हणून घरातले काम तिच्या वाट्याला येत नसे. कधीतरी सेलीन घरी नसताना ती अंथरूण आवरी किंवा फुलांच्या कुंड्या आत आणून ठेवी. सेलीनने आल्यावर आश्चर्य दाखवले नाही, कौतुक केले नाही, की डोळ्यांत पाणी आलेच. हे सारे तिने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, काहीही झाकून न ठेवता. आम्हांला वाटते, आपल्या बहुतेक कुरकुरीचे मूळ त्या कुंड्यांपाशी आहे. पंखा किंवा माईक हे निमित्त असते. आपण इतके केले, ते कोणी पाहिलेच नाही, हे खरे दुखणे असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सवय या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. ॲरिस्टॉटल सांगतो की सद्गुण काय किंवा दुर्गुण काय, पुन्हा पुन्हा केल्याने अंगी मुरतो. वीणा वाजवता वाजवता माणूस वादक होतो, तसेच कुरकुरता कुरकुरता कुरकुऱ्या होतो. परीक्षेत आम्हांला गुण बरे मिळाले, पण एक प्रश्न राहूनच गेला. दहा वर्षे ज्याने रडण्याचाच सराव केला, त्याने न रडण्याची पहिली कृती करायची कशी? तेरेजाने प्रयत्न केले नव्हते असे नाही. ती प्रार्थना करी, निश्चय करी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडे.

१८८६ चा नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्सेहून मार्टिन कुटुंब घरी परतले. लहान मुलांच्या बुटांत भेटवस्तू भरून ते चुलाण्यापाशी ठेवायचे अशी तिकडची रीत. तेरेजाला चौदा वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला होता, तरी धाकटी म्हणून तिच्यासाठी ते अजून चालू होते. वडील थकले होते. बूट पाहून ते त्रासून बोलून गेले, की बरे झाले, हे एकदाचे याच वर्षी संपेल. टोपी काढून ठेवायला जिना चढणाऱ्या तेरेजाच्या कानांवर ते शब्द पडले. सेलीनला आपली बहीण पुरती ठाऊक होती. तिने विनवले, आत्ता खाली जाऊ नकोस, तुला फार रडू येईल. तेरेजाने आसवे गिळली, धडधडते काळीज हाताने दाबले, ती धावत खाली आली आणि एकेक भेट काढून हसत हसत वडिलांना दाखवू लागली. वडीलही हसू लागले. सेलीनला आपण स्वप्न पाहतो आहोत असे वाटले.

एवढेच झाले. सेमिनरीत असताना हा प्रसंग वाचून आम्ही मनातल्या मनात हसलो होतो. संत पौल दमास्कसच्या वाटेवर खाली कोसळला, आणि हिचे परिवर्तन काय, तर जिन्यावर! आज तसे वाटत नाही. पॅरिशच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर आम्हांला कळले आहे की घरे मोडतात ती बहुधा अशाच एखाद्या थकलेल्या वाक्याने आणि त्याला दिलेल्या उत्तराने. तेरेजाने त्या रात्रीचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. दहा वर्षांत जे आपल्याला जमले नाही, ते बाळ येशूने एका क्षणात केले, असे ती म्हणे. तिची इच्छा तेवढी त्याला पुरली. परीक्षेत राहून गेलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तिथे मिळाले. पहिली कृती कृपेची असते. सराव नंतर करायचा, आणि तो मात्र चुकत नाही.

तेरेजाने तो सराव जवळजवळ साडेनऊ वर्षे मठात केला. मठात जायला तिचे वय कमी पडत होते. नोव्हेंबर १८८७ मध्ये रोमला जाऊन तिने थेट पोप लिओ तेरावे यांच्या पायांशी परवानगी मागितली. पुढे बिशपांनी संमती दिली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. तिथे दोन सख्ख्या बहिणी आधीच होत्या. म्हणून लाड झाले असतील, असे कोणी समजू नये. एकदा ओवरीतले कोळिष्टक झाडायचे राहिले, तर मदर सुपीरियरनी सगळ्यांसमोर तिच्या पोरवयाचा उद्धार केला. हिवाळ्यात खोल्यांत शेकोटी नसे. तिने त्या थंडीविषयी शब्द काढला नाही. आपल्याला थंडीने किती छळले हे तिने सांगितले ते अगदी शेवटी. स्वयंपाकघरातल्या सिस्टरांना समजले होते की ही पोर काहीही मुकाट्याने खाते, त्यामुळे उरलेसुरले तिच्याच पानात पडे. न कुरकुरणाऱ्याचे असेही होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

मूक प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक सिस्टर सतत बारीक आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. बाकी कोणाला तो ऐकू येत नसावा, पण तेरेजाचा कान तिखट. मागे वळून एकदा रोखून पाहावे, म्हणजे आवाज थांबेल, असे तिला किती वेळा वाटले! ती वळली नाही. तो आवाज विसरू पाहताना घामाने भिजून जाई, प्रार्थना होतच नसे. शेवटी तिने विसरण्याचा नाद सोडला. आवाज लक्ष देऊन ऐकायचा, एखादी संगीत मैफल ऐकावी तसा, आणि तीच मैफल येशूला अर्पण करायची. धुणे धुताना समोरची सिस्टर रुमाल आपटी आणि घाण पाणी हिच्या तोंडावर उडे. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला समजेल, हा पहिला विचार. मग तिने ठरवले, फुकट मिळते आहे ते नाकारायचे कशाला! एका रात्री कोणीतरी चुकून तिचा कंदील नेला. ती वेळ मौनाची, विचारायची सोय नाही. त्या तासात करायची कामे तशीच राहिली आणि ती अंधारात बसून राहिली.

मठात एक वयस्क, आजारी सिस्टर होती. संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना तिला हाताला धरून प्रार्थनेच्या जागेवरून भोजनगृहात न्यावे लागे. तिचे मन राखणे कठीण, म्हणून कोणी पुढे येत नसे. तेरेजा नवशिकी असताना स्वतःहून पुढे झाली. म्हातारीचे बाकडे ठरावीक पद्धतीनेच उचलायचे. जरा भरभर चालले तर ती पडेन म्हणून ओरडे, सावकाश चालले तर हात सोडला म्हणून कुरकुर करी, आणि पोरसवदा मुलीला हे काम जमायचे नाही हे दर दिवशी ऐकवी. जागेवर बसवल्यावर तिच्या बाह्या दुमडायच्या, तेही तिच्याच पद्धतीने. काही दिवसांनी तेरेजाच्या ध्यानात आले की त्या दुखऱ्या हातांना पाव कापणे जड जाते. मग रोज पाव कापून दिल्याशिवाय ती निघेना, आणि निघताना एकदा तिच्याकडे पाहून हसे. म्हातारी विरघळली ती पावापेक्षा त्या हसण्याने, असे तेरेजाला पुढे कळले. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तिला अशीच नेत असताना दुरून वाद्यांचा आवाज आला. तेरेजाच्या डोळ्यांसमोर दिव्यांनी झळाळणारा दिवाणखाना आणि नटलेल्या मुली उभ्या राहिल्या, आणि जवळ होते ते म्हातारीचे कण्हणे व अंधारी ओवरी. ती ओवरी तिने कशाच्याही बदल्यात दिली नसती.

हे सारे किरकोळ झाले. १८८९ च्या फेब्रुवारीत तिच्या लाडक्या वडिलांची बुद्धी भ्रमिष्ट होऊन त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षांहून अधिक काळ ते तिथे होते. मुलींनी एकामागून एक मठाची वाट धरली म्हणून बापाचे डोके फिरले, असे लिझ्यूतले लोक बोलत. मठाच्या भिंतींतूनही ते बोलणे आत येई. तेरेजाला भेटायला जाता येत नव्हते. मे १८९२ मध्ये त्यांना एकदा मठाच्या भेटगृहात आणले गेले, ती शेवटची भेट. १८९४ च्या जुलैमध्ये ते वारले.

इथे कोणी विचारील, मग तिने दुःख गिळून टाकले काय? आम्हांला तसे वाटत नाही. कार्मेलच्या भगिनी दररोज स्तोत्रे म्हणतात, आणि स्तोत्रसंहिता तर गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे. इस्राएली लोक रानात कुरकुरले तेव्हा देव रागावला. स्तोत्रकर्त्याचे कडू शब्द मात्र ख्रिस्तसभेने प्रार्थना म्हणून जपले. फरक आम्हांला एवढाच दिसतो, की एकाने देवाविषयी आपल्या तंबूत बसून कुजबूज केली आणि दुसरा देवाशीच बोलला. तेरेजाकडेही सांगायला गाऱ्हाणे होते, पण ते घेऊन ती बहुतेक वेळा एकाच दारात उभी राहिली. तिथेही नेहमी उत्तर मिळे असे नाही. प्रार्थनेत तिला वर्षानुवर्षे कोरडेपणा जाणवला, कित्येकदा तर झोपच लागे. त्यावर तिचे म्हणणे असे, की झोपलेली लेकरेही आईबापांना आवडतातच.

१८९६ च्या पवित्र आठवड्यात, गुरुवारच्या रात्री, तिच्या तोंडून रक्त आले. क्षयरोग होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वर्ग आहे की नाही या शंकेच्या काळोखात तिचे मन सापडले, आणि तो काळोख मरेपर्यंत हटला नाही. पुढे रोग आतड्यांपर्यंत गेला. वेदना इतक्या झाल्या की श्रद्धा नसती तर आपण जीव दिला असता, हे तिने मोकळेपणाने सांगितले, आणि अशा रोग्यांजवळ विषारी औषधे ठेवू नयेत अशी काळजीही केली. ती कण्हली, हुंदकेही आले. चेहरा दगडासारखा ठेवण्याची हौस तिला नव्हती. फिरायला सांगितले म्हणून ती कशीबशी बागेत फेऱ्या मारी. दमछाक पाहून एका सिस्टरने बसायला सुचवले, तर दूर देशी चालून थकलेल्या एखाद्या मिशनरीसाठी आपण चालतो आहोत, असे उत्तर मिळाले. मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या या मुलीला १९२७ मध्ये पोप पायस अकरावे यांनी मिशनकार्याची आश्रयदाती केले, तेही गोव्यात ज्यांचे शरीर आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने.

३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोवीस वर्षांची असताना, ती देवाघरी गेली. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हाची एक गोष्ट सांगतात. कार्मेलमध्ये कोणी भगिनी वारली की तिचे छोटे चरित्र लिहून इतर मठांना पाठवतात. खिडकीबाहेर दोघी बोलत होत्या आणि आत तेरेजाला ते ऐकू येत होते. एकीला चिंता पडली होती, की ही बिचारी लवकरच जाईल, पण मदर हिच्याविषयी लिहिणार तरी काय? सांगण्यासारखे हिने काही केलेच नाही. हे ऐकून तेरेजाला आनंद झाला, असे म्हणतात.

तिने आज्ञेखातर वह्यांत लिहिलेल्या आठवणीच शेवटी चरित्र म्हणून छापायचे ठरले. १८९८ मध्ये त्यांच्या दोन हजार प्रती निघाल्या, आणि इतक्या प्रती खपायच्या कशा, अशी मठात काळजी होती.