रस्त्यातला सिंह आणि पंडिता रमाबाई



जुन्या करारातील नीतिसूत्रे या पुस्तकात एक आळशी माणूस पुन्हापुन्हा भेटतो. बिजागरीवर दार फिरावे तसा तो अंथरुणात कूस बदलतो. बाहेर का पडत नाहीस म्हटले, तर रस्त्यात सिंह आहे म्हणतो! हिब्रू ज्ञानी त्याला मुंगीकडे शिकायला पाठवतात. पण त्यांचा खरा रोख त्याच्या सबबीवर आहे.

हे पुस्तक हिब्रूतून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या वाटेवर मात्र सिंह खरोखरच उभे होते. त्यांचा जन्म 1858 चा. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, पुढे भाऊही गेला. 1882 मध्ये, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच, वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन पंथात स्नानसंस्कार स्वीकारला आणि स्वकीयांची टीका सोसली. त्यांना ऐकूही कमी येऊ लागले होते.

तरीही 1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आणून केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. तेथे मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. दया म्हणजे नुसते जेवू घालणे नव्हे, हे बाई जाणून होत्या.

साध्या बायाबापड्यांना समजेल असे बायबल हवे, म्हणून पंचेचाळिशीनंतर त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर हाती घेतले. ते काम पंधराहून अधिक वर्षे चालले. 1921 मध्ये मनोरमाही गेली. इथे थांबल्या असत्या, तर कोणी बोल लावला नसता. पण भाषांतर पूर्ण करूनच त्यांनी 5 एप्रिल 1922 रोजी डोळे मिटले.

वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी झोपणारा माणूस आळशी नव्हे. विश्रांतीचा दिवस देवानेच दिला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आळसाचे मूळ थकव्यात नसते. देवाने पुढे ठेवलेले चांगले काम मनाला जड वाटते, तिथे ते असते. भावाशी अबोला सोडणे, लांबणीवर टाकलेला प्रायश्चित्त संस्कार, आजारी शेजाऱ्याची भेट, ही अशीच कामे.

या आठवड्यात घरी नीतिसूत्रेचा सहावा अध्याय एकत्र वाचा. मग प्रत्येकाने मनाशी विचारावे: माझ्या रस्त्यातला सिंह खरा आहे का? आणि खरा असला, तरी रमाबाई थांबल्या होत्या का?

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू