टोपी शोधणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

टोपी हा काही वार्षिकांकातील लेखाचा विषय नव्हे, असे माझ्या मैत्रिणींचे म्हणणे पडले. मला मात्र लहानपणापासून डोक्यावर घालायच्या प्रत्येक वस्तूचे वेड आहे. वैतरणा खाडीकाठच्या आमच्या गावात या वेडाला खाद्यही भरपूर मिळाले. आवणीला निघालेल्या बायकांची इरली, लग्नातले फेटे, भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या! सफाळ्याला मामांचे शिवणाचे दुकान आहे. सुट्टीत तेथे बसून मी टोपी शिवायला शिकले आणि पदवीनंतर हाच धंदा करावा असे मनाने घेतले. बाबांना ते पसंत नाही. बोईसरच्या एखाद्या कारखान्यात, ऑफिसात चिकटावे असे त्यांना वाटते. टोप्या हल्ली घालतो कोण, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. त्याच विचारात असताना गांधीजींचे आत्मचरित्र पुन्हा हाती आले, आणि या वेळी ते मी शिंप्याच्या नजरेने वाचले.

मोहनदास करमचंद गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांना एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. साहेबांच्या समाजात शोभावे म्हणून मुंबईत शिवलेले कपडे बाजूला पडले. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे कपडे आले आणि धुराड्यासारखी उंच हॅट आली. किंमत १९ शिलिंग! त्या काळी ती भारीच होती. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, आणि भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागवली ती वेगळीच. रोज दहा मिनिटे आरशापुढे जात. केस राठ, त्यामुळे हॅट घातली-काढली की हात आपोआप भांगाकडे वळे. हे सभ्य गृहस्थ होण्याचे खूळ सुमारे तीन महिने टिकले. पोशाखाची टापटीप पुढेही कित्येक वर्षे राहिली. मला हा विद्यार्थी फार जवळचा वाटतो. आपण एवढ्या थोर माणसाचे चरित्र वाचताना ही पाने भराभर उलटतो, ते बरोबर नाही. डोक्यावर काय घातले म्हणजे लोक काय समजतात, याचे पहिले शिक्षण त्यांना त्या हॅटने दिले.

दुसरे शिक्षण दक्षिण आफ्रिकेत मिळाले. १८९३ च्या मे महिन्यात ते डरबानला उतरले तेव्हा अंगात फ्रॉक कोट होता आणि डोक्यावर बंगाली घाटाची पगडी. दोन-तीन दिवसांतच अब्दुल्ला शेठ त्यांना कोर्ट पाहायला घेऊन गेले. मॅजिस्ट्रेट त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी त्याने पगडी उतरवायला सांगितले. गांधीजींनी नकार दिला व ते कोर्टातून बाहेर पडले. पुढे त्यांच्या मनात आले, इंग्रजी हॅटच घालावी म्हणजे भांडण मिटेल. अब्दुल्ला शेठांनी ते मोडून काढले. पगडीसाठी हट्ट धरणाऱ्या बाकीच्या हिंदी लोकांचे त्यामुळे नुकसान होईल, आणि हॅट घातलीत तर लोक तुम्हाला हॉटेलातला वेटर समजतील, असे त्यांनी बजावले. व्यापारी माणसाचा हा व्यवहारी सल्ला गांधीजींनी मानला. पुढच्याच वर्षी नाताळच्या वरिष्ठ कोर्टात वकिलीची सनद घेताना सरन्यायाधीशाने पगडी काढायला सांगितली, तेव्हा मात्र त्यांनी ती काढली. मित्र नाराज झाले. कोणत्या ठिकाणी अडून बसायचे आणि कोणत्या ठिकाणी नाही, हे ते ठरवू लागले होते.

१८९७ च्या जानेवारीतला प्रसंग तर नाटकात शोभावा असा आहे. डरबानच्या रस्त्यात गोऱ्या जमावाने त्यांना गाठले, पगडी हिसकावली, मारहाण केली. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून जीव वाचला. रात्री जमावाने रुस्तमजींचे घर वेढले, तेव्हा गांधीजी हिंदी शिपायाचा वेष करून निसटले. डोक्याला मद्रासी फडके गुंडाळले होते आणि आत धातूची थाळी! शिरस्त्राण म्हणून. जगात एवढ्या घाईने तयार झालेले आणि एवढे उपयोगी पडलेले डोक्याचे वस्त्र दुसरे नसेल.

९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईत उतरले ते काठेवाडी पोशाखात. पण राजकोटला तिसऱ्या वर्गाने जायचे होते. गर्दीत अंगरखा आणि उपरणे अडचणीचे म्हणून ती उतरवली आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. गुजरातेत जाणारा लोहमार्ग आमच्या वैतरणेच्या पुलावरूनच जातो. त्यामुळे डब्यातल्या दाटीत बसलेला, आठ-दहा आण्यांची टोपी घातलेला तो प्रवासी मला डहाणू लोकलमध्ये अनेकदा आठवतो.

त्याच प्रवासात वढवाणला त्यांना मोतीलाल नावाचे शिंपी भेटले. विरमगामच्या जकातीच्या जुलमाची हकिकत त्यांनीच गांधीजींना सांगितली. हा गृहस्थ आपल्या कामात इतका वाकबगार, की रोज तासभर शिवून महिन्याचे पंधरा रुपये मिळवी आणि उरलेला वेळ लोकांच्या कामाला देई. पुढे आश्रमात येऊन ते मुलांना शिवण शिकवीत. आत्मचरित्रात मोतीलालना जागा थोडीच आहे. मी ती चारदा वाचली.

पुढे १९१९-२० च्या सुमारास गांधीजींनी टोपीचा प्रश्न नीट हाती घेतला. ही हकिकत काका कालेलकरांमुळे आपल्याला कळते. निरनिराळ्या प्रांतांतली डोक्याची वस्त्रे त्यांनी एकेक करून तपासली. पंजाबी फेटा देखणा, पण कापड फार खातो. पगडीत घाम मुरतो आणि दिसत नाही. आपल्याकडच्या फेल्टच्या टोप्याही त्यांनी पाहिल्या आणि सोडल्या. शेवटी काश्मिरी टोपी पसंत पडली, कारण ती हलकी, शिवायला सोपी आणि घडी करून खिशात मावणारी. लोकरीऐवजी सुती कापड घेतले. रंग पांढरा ठरवला, तो मळतो म्हणूनच! मळ दिसला तर माणूस टोपी धुईल.

मी ही टोपी शिवते तेव्हा त्या विचाराची किंमत कळते. दोन लांब पट्ट्या आणि वर होडीच्या आकाराचा तुकडा, एवढाच मामला. चिंधी फारशी निघत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाला मात्र शिवणी एकत्र येऊन कापड जाड होते, सुई अडते. टोपीची परीक्षा टोकाला, असे मामा म्हणतात. धुऊन, खळ देऊन इस्त्री केली की ती पाटीसारखी सपाट होते.

आणि एवढे करून गांधीजींनी स्वतः ती जेमतेम दोनच वर्षे घातली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला त्यांनी टोपी आणि सदरा सोडून पंचा धारण केला. ज्यांना खादी घेण्याची ऐपत नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रथम हा नेम ३१ ऑक्टोबरपर्यंतचाच होता. तो जन्मभर राहिला. पण टोपी थांबली नाही. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा आला तेव्हा ती डोक्यावर घालणे हाच गुन्हा ठरला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी गेले, त्या वेळी त्यांच्या नावाची टोपी घालणे त्यांनी सोडून सव्वीस वर्षे उलटली होती.

आज मुंबईचे डबेवाले ती घालतात, वारकरी घालतात, आमच्या गावचे भजनी मंडळ घालते. मंडळाच्या तीस टोप्यांचे काम मामांनी या आषाढीला माझ्यावर सोपवले आहे. मोतीलालचा तासाचा हिशेब मीही मांडून पाहिला. एका तासात माझ्या तीन टोप्या होतात, टोके नीट बसली तर. बाबांनी तो कागद घेऊन चष्मा लावला, बेरीज तपासली आणि कापडाचा खर्च कोठे धरला आहे ते विचारले.