कोकणचे खासदार बॅ. नाथ पै

मालवण-वेंगुर्ल्याचा मुलूख १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यापूर्वी तो रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. आगगाडी नव्हती, पावसाळ्यात आगबोटही बंद. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि घरची चूल त्याच्या मनिऑर्डरीवर. या दक्षिण रत्नागिरीने राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा लोकसभेत धाडलेले गृहस्थ म्हणजे बॅरिस्टर नाथ पै.

जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२. वडिलांचे छत्र लवकर हरपले, आईने वाढविले. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग, मग विलायतेत बॅरिस्टरी. पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे जागा कायम विरोधी बाकांवर. पण ते बोलू लागले की सत्ताधारी मंडळीही कान देऊन ऐकत. वक्तृत्वाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. तेवढ्यावर थांबणे म्हणजे महाद्वारातून परत फिरणे.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी निकाल दिला, की यापुढे घटनादुरुस्ती करूनही संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. हे काही नुसते वकिलांचे भांडण नव्हे बरं! त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत धरलेला होता. खोती गेली, कुळांना जमिनी मिळाल्या, ते जुने कायदे टिकले. पण पुढल्या सुधारणेच्या वाटेत धोंड पडली. नाथ पैंनी ७ एप्रिललाच स्वतःचे खासगी विधेयक मांडले: घटना दुरुस्त करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेचाच. ते संयुक्त समितीकडे गेले, पुष्कळ चर्चा झाली. माणसाचे हक्क बहुमताच्या हाती सोपवावेत काय, असे विरोधक विचारीत, आणि तो प्रश्न काही खोटा नव्हता. विधेयक तसेच राहिले. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा बरखास्त झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै बेळगावात हृदयविकाराने गेले. वय अवघे ४८.

त्याच वर्षी २४व्या घटनादुरुस्तीने त्यांचे म्हणणे घटनेत आले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयानेही ते मान्य केले; मात्र घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही, अशी मेख मारून ठेवली. दोनच वर्षांनी आणीबाणी आली. विरोधी खासदार तुरुंगात गेले, आणि १९७६ साली उरलेल्या संसदेने ४२वी दुरुस्ती करून घटनेची पाने उलटीपालटी केली, तेव्हा त्या मेखेची किंमत कळली. हे बघायला नाथ पै नव्हते. असते तर तेही तुरुंगातच असते, असे मला वाटते.